शुभ्रा दंतमंजनाचा तिसरा हात

खारी गावात मनोरमाबाईंना तोंडावर आजी म्हणायचे आणि पाठ वळली की फोटोवाली.

लग्न होऊन त्या पाटलांच्या घरात आल्या, त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. मुंबईचा एक माणूस तिपाईवरचा कॅमेरा घेऊन मिठागरावर आला, त्याने आपला फोटो काढला आणि तो मासिकात छापून येणार आहे, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. नवऱ्याने काठी आपटली. घरची बाई परक्या माणसासमोर फोटोला उभी राहते म्हणजे काय? मग त्याने भाईंदर स्टेशनवरची मासिकं चाळली, बोरिवलीला जाऊन चाळली. बायकोचं तोंड कुठल्याच पानावर सापडलं नाही. त्या दिवशी मिठागरावर नणंदही होती, सुलू. तिला अंगणात सगळ्यांसमोर विचारलं. ती म्हणाली, कुणी माणूस आलाच नव्हता. झालं. बाई खोटारडी ठरली.

गावाने एकदा बाईला खोटारडी ठरवली की ते काम कायमचं होतं. पुरुषाचं तसं नसतं. पुरुष खोटारडा ठरला की निवडणुकीला उभा राहतो.

पुढे मिठागरं गेली, भातशेती गेली, गावाभोवती इमारती उठल्या. खळ्याला लागून असलेल्या जमिनीसाठी बिल्डर नकाशा घेऊन घरी आला, तेव्हा मनोरमाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं होतं की नकाशावरची ती तांबडी रेघ आपल्या खळ्याच्या पलीकडून गेलीय, म्हणजे खळंही त्यात जातंय, नीट बघा. त्यांचा धाकटा दीर उत्तम, घरातला शिकलेला म्हणवणारा, बिल्डरच्या देखत हसला. फोटोवालीचं काय ऐकता, म्हणाला. सह्या झाल्या. खळं गेलं. ज्या जागेवर पाटलांच्या चार पिढ्यांनी भात झोडलं, तिथे आज सोसायटीचं क्लबहाऊस आहे आणि दारात वॉचमन नाव विचारतो. एवढं होऊनही कुणाला वाटलं नाही की बाई खरं बोलली होती. उलट खळं गेल्यावर उत्तमरावांचा आवाज आणखी मोठा झाला. चुकलेल्या माणसाचा होतोच.

मंजुळा या घरात सून म्हणून आली, तेव्हा हा टोमणा तयार होता. ती शाळेत मराठी शिकवायची. सासूला तिने जवळून पाहिलं होतं. डब्यात चमचाभर साखर असेल तर साखर संपली असंही न म्हणणारी ही बाई. असली बाई फोटोचं एवढं मोठं खोटं कशाला रचेल? पण मासिकात तोंड सापडलं नव्हतं हेही खरं, आणि त्याचं उत्तर मंजुळाकडे नव्हतं. ती फक्त चिडायची. घरात कुणी फोटोवाली म्हटलं की ती मुद्दाम भांडं जोरात आपटायची. सासू म्हणायची, भांड्याचा काय दोष गो?

मंजुळा निवृत्त झाली आणि वाचायला पुस्तकं हवीत म्हणून त्याच क्लबहाऊसमधल्या वाचनालयात जायला लागली. ते चालवायचे गुणवंतराव. गिरगावातली खोली सोडून इकडे आलेला, विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्याकडे जुन्या मासिकांचे गठ्ठे होते आणि जाहिरातींचं वेड होतं. महिन्यातून एका रविवारी ते पडद्यावर जुन्या जाहिराती दाखवायचे आणि लोकांना विचारायचे, सांगा, हे काय आहे?

आणि खरोखर काय काय असायचं त्यात. केशतेलाच्या जाहिरातीत बाईचे केस नदीसारखे पसरलेले आणि त्यातून आगबोट चाललेली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर छत्री धरून बसलेला वाघ. टॉनिक प्यायलेलं तान्हं बाळ एका हाताने रेल्वेचं इंजिन उचलतंय आणि शेजारी आईबाप हात जोडून उभे. लोक पोट धरून हसायचे, डोकं लढवायचे, कधी भांडायचेही. मंजुळाला हे आवडायचं. मुलांना कवितेचा अर्थ विचारावा तसं वाटायचं. कुणी काहीही सांगतं, पण सगळे बघतात तरी.

त्या रविवारी गुणवंतरावांनी शेवटची जाहिरात पडद्यावर टाकली. म्हणाले, ही मला इतकी वर्षं सुटलेली नाही.

शुभ्रा दंतमंजन. साठच्या दशकातला दिवाळी अंक, पूर्ण पान. मधोमध एक बाई. चेहरा गोरापान, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात मोती, ओठ रंगवलेले, दात असे की त्यांतून उजेड बाहेर पडतोय. मानेखाली मात्र दुसरीच बाई. सावळे दणकट दंड, गुडघ्याच्या वर ओढून कासोटा मारलेलं लुगडं, अनवाणी पाय, एक उचललेला आणि एक चिखलात घोट्यापर्यंत रुतलेला. मागे पांढऱ्याशुभ्र टोकदार टेकड्यांची रांग. आणि तिच्या डाव्या खांद्यावर एक हात. तिचे दोन हात तर खाली दिसत होते. हा तिसरा हात कुणाचाच नव्हता. मनगटाच्या थोडं मागे तो हवेत संपून जात होता. खाली ओळ छापलेली: ‘दात शुभ्र, हास्य शुभ्र, संसार शुभ्र.’

कुणी म्हणालं, मागे पिरॅमिड आहेत, म्हणजे ही इजिप्तची राणी. कुणी म्हणालं, बर्फाचे डोंगर, हिमालय. दंतवैद्य असलेल्या एका सभासदाने सांगितलं की टेकड्या म्हणजे सुळे आहेत आणि बाई हिरड्यांत उभी आहे. या अर्थाला टाळ्या पडल्या. तिसऱ्या हाताबद्दल गुणवंतराव स्वतः म्हणाले की तो देवाचा असावा, आशीर्वादाचा.

मंजुळा हसली नाही. तिची नजर त्या बाईच्या उजव्या हातावर होती. कोपराच्या खाली गोंदण होतं. तुळशीवृंदावन, आणि त्याच्या पायाशी दिवा. दिवा सरळ नव्हता, कलला होता. गोंदताना पोरीने हात ओढून घेतला म्हणून कललेला. हा दिवा मंजुळा रोज सकाळी बघत होती. तो हात तिच्यासमोर चहाचा कप धरायचा.

ती उठली. तिने स्वतःच्या आवाजाला वर्गातल्यासारखं आवरलं.

“गुणवंतराव, हा फोटो एक नाही. बाई आगराचा तळ तुडवतेय. पावसाळा संपला की मिठाच्या कुंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, ओळीत उभं राहून. तेव्हा मीठ नसतंच. मागच्या टेकड्या म्हणजे मिठाच्या राशी, त्या उन्हाळ्यात लागतात. एकाच दिवशी हे दोन्ही दिसणार नाही.”

गुणवंतरावांनी चष्मा काढला आणि पडद्याच्या एवढे जवळ गेले की बाईचे पाय त्यांच्या सदऱ्यावर दिसायला लागले. मग ते लहान मुलासारखे धावत कपाटाकडे गेले. गठ्ठे उपसले. त्यांनी त्याच वर्षीच्या दुसऱ्या मासिकातलं एक पान आणून टेबलावर पसरलं. कुठल्यातरी स्नो क्रीमची जाहिरात. तोच चेहरा, तेच मोती, तेच हसू, आणि खाली त्या चेहऱ्याचं स्वतःचं गोरं अंग, मखमलीच्या खुर्चीत बसलेलं.

ते म्हणाले, त्या काळी छापण्यासाठी फोटोवरून जस्ताचे ब्लॉक करायचे. ब्लॉक करणारे दोन-तीन फोटो कात्रीने कापून एकाला एक चिकटवायचे आणि सांधा ब्रशने रंगवून टाकायचे. एका कंपनीसाठी केलेलं तोंड दुसरीकडे खपवायचे. राशी एका फोटोतल्या, बाई दुसऱ्या, डोकं तिसऱ्या. त्यांना फार आनंद झाला होता. कोडं सुटलं होतं ना.

“या अंगावर जे डोकं होतं ते कुठे गेलं?” मंजुळाने विचारलं.

“कचऱ्यात गेलं असणार, मंजुळाताई.”

“ती माझी सासू आहे.”

मग मात्र गुणवंतरावांचा आनंद उतरला. भला माणूस होता. त्यांनी दोन्ही पानांच्या मोठ्या रंगीत प्रती काढून दिल्या आणि दारापर्यंत सोडायला आले. त्या दारातून बाहेर पडताना मंजुळाच्या पायाखाली तिच्याच घरचं खळं होतं आणि अंगाची नुसती आग होत होती. दात शुभ्र. पाय चालले त्यांना, कंबर चालली, दंड चालले. सावळ्या बाईने चिखल तुडवलेला चालला. फक्त हसायला तिचं तोंड नको होतं. आणि तिचं तोंड छापलं नाही म्हणून ती साठ वर्षं खोटारडी.

मनोरमाबाई ओट्यावर बसून सुकटीतला कचरा काढत होत्या. मंजुळाने प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. मग बोट ठेवत गेल्या. हा पाय माजा. हा हात माजा. लुगडं हिरवं व्हतं, आईनं दिल्यालं. बोट वर चेहऱ्यापाशी आलं आणि थांबलं.

“आनि ही भवानी कोन?”

मंजुळाने सगळं सांगितलं. सासू रडेल असं तिला वाटलं होतं. सासू हसली, तोंडात उरलेले चार दात दाखवत हसली. म्हणाली, बघ गो, तिला कवा चिखलात उभं ऱ्हावं लागलं नसतं, मी तिला उभी केली.

मग मंजुळाने खांद्यावरच्या हाताबद्दल विचारलं. तळ तुडवताना बायका एकीमागे एक उभ्या राहायच्या, मागचीने पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा, म्हणजे सगळ्यांचा पाय एकदम पडतो. तेव्हा हा हात मागच्या बाईचा. ती कोण?

“ठाव न्हाय,” मनोरमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा सुकट हातात घेतली.

त्या खोटं बोलल्या, हे मंजुळाने पहिल्यांदा पाहिलं. म्हणून तिने प्रत स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली. खांद्यावरच्या हाताची करंगळी मधल्या पेरातून बाहेर वळलेली होती, मीठ भरायच्या होडीची फळी पडून मोडलेली. ही करंगळी अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होती. तिच्या मालकिणीशिवाय मुर्धा, राई, खारीत कुठलं लग्न लागत नव्हतं. सुलूआत्या. धवलारीण. हळदीच्या मांडवात देवाधर्माचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणारी बाई.

“आई, ही आत्या आहे. ती तुमच्या मागे उभी होती. आणि तिने सगळ्यांसमोर सांगितलं की कुणी आलंच नव्हतं.”

मनोरमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“तिचं लगीन ठरत व्हतं. मुर्ध्याची मानसं येऊन गेलेली. पोरगी फोटूला उभी ऱ्हायली ह्ये कळलं असतं तं मोडलं असतं. मी काय सांगनार व्हते, ही पन व्हती म्हनून? एक बाई खोटी ठरली तं घर चालतं. दोन कशाला?”

“आणि तुमचं काय?”

“मला ठाव हाय ना मी कोन ती.” मग त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. “ह्यो कागद कोनाला दाखवाचा न्हाय. सुलू हाय तवर न्हाय.”

मंजुळाचा संताप दुप्पट झाला. आता कुणावर संतापायचं हेही कळेना. पुरावा हातात होता आणि तो दाखवायला बंदी होती, कारण पुराव्यातच दुसरी बाई उघडी पडत होती. सासूचा शब्द खरा करायचा तर सासूनेच जपलेली गोष्ट मोडावी लागणार. असला अडाणी मोठेपणा कुणी सांगितला होता हिला? तरीही त्या संतापात तिची छाती फुगलीच. या घरात ज्यांच्या आवाजाला वजन होतं, त्यांतल्या एकानेही कधी कुणासाठी एवढं सोसलं नव्हतं.

तिचा मुलगा कुलदीप याचं लग्न ठरलं होतं आणि हळदीचं आवतण घेऊन मुर्ध्याला जायचंच होतं. ती एकटी गेली. धवलारणीचा मान म्हणून नारळ, सुपारी, साडी नेली. नारळ हातात दिला आणि त्याच्यावर ती प्रत ठेवली. कोणालाही दाखवायचा नाही असं सासू म्हणाली होती. पण ज्याचा हात त्यालाच दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही, असं मंजुळाने रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं होतं.

सुलूआत्याने बघितलं. तिने उजव्या तळव्याने डाव्या हाताची करंगळी झाकली. ती रागावली नाही, विचारलंही नाही की हे काय. म्हणाली, वयनी तोंडानं बरी दिसायची गो, तिचं तोंड कशाला काडलं? मग चहा दिला, हळद कुठल्या दिवशी ते विचारलं आणि निघताना प्रत परत देऊन एवढंच म्हणाली की तू येऊन गेलीस हे वयनीला सांगू नको.

मंजुळा हात हलवत परत आली. म्हातारीही गप्पच बसणार, असं धरून चालली.

हळदीच्या दिवशी खारीत मांडव पडला. रस्त्यावर नवरदेवाचे फ्लेक्स लागले. त्यात कुलदीपपेक्षा नगरसेवक मोठा. व्हिडिओवाला पोरगा ड्रोन उडवत होता. डीजे एवढा मोठा की काशीमीऱ्याच्या नाक्यावरच्या ट्रकवाल्यांनाही हळद कळावी. उत्तमराव पांढऱ्या सफारीत खुर्च्या कशा लावायच्या ते ओरडून सांगत होते. मनोरमाबाई कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. जाणारेयेणारे पाया पडत होते आणि पुढे सरकत होते.

नवरदेवावर तेल पाडायची वेळ झाली तेव्हा डीजे बंद झाला. मंजुळाच्या नवऱ्याने, शिवदासने, आत्यापुढे माईक धरला. या मांडवाची एक रीत आहे. धवलारीण गाते तेव्हा गावदेवी, कुलदेव, वाडवडील एकेकाचं नाव घेऊन त्यांना मांडवात बोलावते. तिने ज्याचं जे नाव घेतलं, ज्याचं जे नातं सांगितलं, ते मांडवात बसलं. त्यावर कुणी वाद घालत नाही. सरपंच नाही, भटजी नाही. सुलूआत्याने देव बोलावले, घरचे पूर्वज बोलावले, मेलेल्या भावाचं, मनोरमाबाईंच्या नवऱ्याचं नाव घेतलं, तेव्हा आवाज जरा ओला झाला. तिथे धवला संपायला हवा होता. ती थांबली नाही.

आगरान तळ तुडविला गो, मुंबईचा फोटूवाला आयला,
पुढं मनोरमा वयनी गो, मागं नणंद सुलू.
वयनीचे खांद्यावं हात गो, हात व्हता माजा,
वयनी बोलली खरी गो, मी बोलले खोटी.

शिवदासच्या हातातला माईक खाली आला. सुलूआत्याने वाकड्या करंगळीचा हात पुढे करून तो माईक स्वतःच्या तोंडाशी ओढला, कारण धवल्याची ओळ दोनदा म्हणायची असते. तिने त्या चारही ओळी पुन्हा म्हटल्या, आधीपेक्षा मोठ्याने. साठ वर्षांपूर्वी अंगणात ती ज्या आवाजात बोलली असेल त्याच्या दसपट.

उत्तमराव म्हणाले, सुलू जरा जास्तच जुनं काढते. कुणी हसलं नाही. मंजुळा घरात गेली, दोन्ही प्रती आणल्या आणि पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिल्या. डोक्यावर डोकं येऊन लोक बघायला लागले. गोंदण पाहिलं, करंगळी पाहिली, स्नो क्रीमची बाई पाहिली. ज्या बायका कडेने पुढे सरकत होत्या, त्या मनोरमाबाईंच्या खुर्चीभोवती गोळा झाल्या. कुणी त्यांचा हात उचलून तिरका दिवा उजेडात धरला. सुलूआत्या माणसांतून वाट काढत आली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

“माजं नाव कशाला घेतलंस?” मनोरमाबाई तिच्यावर डाफरल्या. “तुजे नातवंडं बसलीत हितं.”

“त्यांनाच आयकवलं, वयनी.”

“मुर्ध्याची मानसं काय म्हनतील आता?”

“आता काय लगीन मोडतान माजं? म्हातारा मरून धा वर्सं झाली.”

बायका हसल्या. मनोरमाबाईंनीही हसू दाबलं, पण ते दबलं नाही. मग त्यांनी मान वर करून दिराला हाक मारली. उत्तमराव आले. हातात अजून ते पान होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. मनोरमाबाई बसल्या होत्या, ते उभे होते, तरी बघणाऱ्याला वाटावं की बाईच वरून बोलतेय.

“उत्तमभाऊ, ती तांबडी रेघ खळ्याच्या पल्याड व्हती.”

उत्तमरावांचं तोंड उघडलं. हे तोंड चाळीस वर्षं कधी कमी पडलं नव्हतं. या खेपेला पडलं.

“व्हती, वयनी,” ते म्हणाले.

खळं काही त्याने परत येणार नव्हतं. तिथे वॉचमन आहे आणि उद्याही असेल. पण मांडवात बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं, बिल्डरच्या देखत हसणाऱ्या तोंडून ऐकलं, आणि मंजुळाला वाटलं की आज आपण या घरात सून म्हणून आलो याचा टेंभा मिरवत पार स्टेशनपर्यंत चालत जावं.

एवढ्यात व्हिडिओवाला पोरगा गर्दीत घुसला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, फक्त सगळे जिथे जमलेत तिथे कॅमेरा न्यायचा एवढं कळत होतं. आजी, दोघींचा एक काढू का, त्याने विचारलं आणि गुडघ्यावर बसला.

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. नणंदेला दंडाला धरून उठवलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं, मागे नाही, शेजारी.

“काड,” त्या म्हणाल्या. “डोक्यासकट काड.”